वाडीवरच्या वाटतच नाहीत

यमे,

काल कर्जतात तुझी शोकसभा झाली. बाजारपेठेमागच्या त्याच हॉलमध्ये, जिथे तुझ्या नणंदेच्या लग्नात आपण दोघींनी वाढप केलं होतं. व्यासपीठावर साहेब होते, ज्यांनी तुला जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं. आणि भाऊही होते, ज्यांच्या उमेदवारानं तुला पाडलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं, मधे तुझा हार घातलेला फोटो. साहेब म्हणाले, ताईंची मराठी ऐकत राहावी अशी होती. भाऊ म्हणाले, आपली एक स्वाभिमानी आदिवासी भगिनी गेली. मग श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले. तुझी आय पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. सगळे एकदम का उठले ते तिला कळलं नाही, म्हणून ती बसूनच राहिली. मग मीही तिच्याशेजारी बसून राहिले.

मला बोलायला बोलावलं होतं. मी गेले नाही. मला जे बोलायचंय ते तुझ्याशी बोलायचंय, आणि त्यातलं निम्मं भांडण आहे. ते त्या हॉलमध्ये कुठे करणार?

आपली ओळखच तुझ्या बोलण्यावरून झाली. अकरावीचा वर्ग. पळसदरीच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या ठाकरवाडीतून एक मुलगी आली आहे आणि ती भिसेगावात वसतिगृहात राहते, एवढंच आम्हाला माहीत होतं. तू कुणाशी बोलायचीच नाहीस. एकदा सरांनी वही मागितली तेव्हा तुझ्या तोंडून ‘मना नाय दिली’ असं काहीतरी निघून गेलं आणि अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तू धड्यातल्यासारखं बोलायला लागलीस. ‘सर, मी काल अनुपस्थित होते.’ त्यालाही वर्ग हसला. पण तू ते सोडलं नाहीस.

आमच्या दहिवलीच्या घरात तरी कोण शुद्ध बोलत होतं? आजी ‘आमी जातो’ म्हणायची, बाबा अजूनही ‘हाय’ आणि ‘नाय’च म्हणतात. त्याला कधी कुणी हसलं नाही. आमची भातशेती होती, रस्त्याला लागून घर होतं, गावात चार माणसं ओळखत होती. आमचं ‘नाय’ गावरान ठरलं आणि तुझं ‘नाय’ जंगली. हे मला पुढे खूप उशिरा, मराठीची शिक्षिका झाल्यावर दिसायला लागलं. तुला ते अकरावीतच दिसलं होतं. तू म्हणालीस, ‘संधे, मी असं बोलीन की यांना हसायला जागाच उरणार नाही.’

आणि बोललीस. वसतिगृहातल्या मुलींची अधीक्षिका झालीस, मग वाडीची आणि खालच्या गावाची मिळून जी ग्रामपंचायत आहे तिची सरपंच झालीस. तहसीलदार कचेरीत तू बोलायला लागलीस की अधिकारी आधी मान वर करून बघायचे आणि मग खुर्ची द्यायचे. वाडीवर नळ आला तो तू चिकाटीनं मागे लागलीस म्हणून आला. त्याच वाडीतली दुसरी बाई तेच मागायला गेली असती तर तिला दारातच थांबवलं असतं, हे तुला चांगलं माहीत होतं. तू वडिलांसारखी उजळ होतीस, त्याचाही उपयोग होतो हेही तुला माहीत होतं. तू एकदा हसत म्हणालीस, ‘मला बाहेरचे लोक ब्राह्मण समजतात आणि आयला माझी कामवाली. आम्ही दोघी एसटीत बसलो की शेजारची बाई मला विचारते, हिला कुठून आणली?’ तू हसत होतीस, म्हणून मीही हसले होते.

मग जिल्हा परिषदेची आपली जागा आदिवासींसाठी राखीव पडली, साहेबांनी तुला तिकीट दिलं आणि प्रचाराची पहिली सभा झाली. मी होते तिथे, बायकांच्या बाजूला. साहेब रंगात आले होते. तुझा हात धरून त्यांनी तुला पुढे ओढलं आणि माइकमध्ये म्हणाले, ‘बघा, बघा आमच्या यमुनाताईंकडे! वाडीवरच्या वाटतच नाहीत! रंग बघा, बोलणं बघा. अशी शुद्ध मराठी आमच्या घरातल्या बायकांना येत नाही!’ लोक हसले, टाळ्या पडल्या. तू हात जोडलेस आणि हसलीस. मी तुला ओळखते म्हणून सांगते, ते हसू तू दात आवळून हसत होतीस.

कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर काढला. सकाळपर्यंत तो सगळ्यांकडे पोचला होता.

नंतर जे झालं त्याचा मला अजून राग येतो. भाऊंच्या माणसांनी चौकात साहेबांचा पुतळा जाळला. ‘आदिवासी भगिनीचा अपमान सहन करणार नाही.’ हेच भाऊ आदल्या वर्षी क्रिकेटच्या सामन्यांच्या बक्षीस समारंभात वाडीवरच्या माणसांच्या बोलण्याची नक्कल करून लोकांना हसवून लोळवत होते. तेव्हा साहेबांच्या माणसांनी निषेधाचं पत्रक काढलं होतं आणि भाऊंचे लोक म्हणाले होते, अहो गंमत होती, मनाला काय लावून घेता. आता साहेबांचे लोक म्हणायला लागले, अहो कौतुक होतं, वाईट अर्थ काय काढता. फक्त जागा बदलल्या. कालपर्यंत ज्यांना शब्द महत्त्वाचे होते त्यांना आज हेतू महत्त्वाचा झाला, आणि ज्यांना हेतू कळत होता त्यांना एकाएकी शब्द ऐकू यायला लागले. मुंबईच्या एका वाहिनीवर चार माणसं चार चौकटींत बसून तासभर भांडली. त्या चार चौकटींत वाडीवरचं कुणी नव्हतं.

साहेबांनी शेवटी सांगितलं, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे.

तू माझ्या स्वयंपाकघरात कडवे वाल सोलायला बसली होतीस तेव्हा आपण ते टीव्हीवर ऐकलं. तू म्हणालीस, ‘असतील? असतील म्हणजे काय? फोन करून विचारायचं की मला, दुखावल्यात का म्हणून.’

मी म्हटलं, ‘मग तू सांग ना. तू अजून एक शब्द बोललेली नाहीस.’

‘काय सांगू?’

‘की हा अपमान आहे. तुझाही आणि तुझ्या लोकांचाही. तिकीट परत कर त्यांचं.’

तू वालाची सालं ताटाच्या कडेला सारलीस आणि माझ्याकडे बघितलंस. ‘संधे, त्यांनी मला तिकीट याच कारणानं दिलं. मी उजळ आहे आणि मला तुमच्यासारखं बोलता येतं. हे मला आधीपासून माहीत होतं. ते तोंडानं बोलले म्हणून आता तुम्हाला सगळ्यांना कळलं. जे असं बोलत नाहीत ते मनात हेच ठेवतात आणि तिकीटही देत नाहीत. वाडीचा रस्ता साहेबांनी केला. ज्यांना माझ्याशी नीट कसं बोलायचं ते कळतं, ते माझा फोन उचलत नाहीत.’

‘म्हणजे रस्ता दिला की काहीही बोलायची मुभा?’

‘मी मुभा दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही.’

मी म्हटलं, ‘आणि आयचं काय? तुझं कौतुक झालं ते तुझ्या आयला बाजूला सारून झालं. ती काळी आहे, तिला ही भाषा येत नाही. म्हणजे तिच्यासारख्या बाईला ते कधीच उभं करणार नाहीत. ती वाडीवरची वाटते ना!’

तू हातातला वाल ताटात टाकलास. मग म्हणालीस, ‘मी कशानं रागवायचं तेही तूच ठरवणार का गं? पुतळा जाळणाऱ्यांनी मला विचारलं नाही. तू तरी विचार.’

चहा टाकला होता. तो न घेताच तू गेलीस.

तेव्हा मला वाटलं होतं की मी बरोबर आहे. मला आजही तसंच वाटतं, यमे. शब्द हवेत विरत नाहीत. साहेबांचं ते वाक्य ऐकून वाडीवरच्या किती काळ्या मुलींनी आरशात बघितलं असेल! पण तू विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. जिला बोललं गेलं तिनं ठरवायचं, की जिच्याबद्दल बोललं गेलं तिनं? साहेब तुला बोलले, पण ते तुझ्या आयबद्दल होतं.

पुढचं मला आयनं सांगितलं, बऱ्याच नंतर. वाहिनीचे लोक गाडी घेऊन वाडीवर गेले. तू प्रचाराला बाहेर होतीस, म्हणून ते तू येईपर्यंत थांबले. तू आल्यावर तुझ्याशी दोन वाक्यं बोलून त्यांच्यातला एक आयला म्हणाला, ‘आजी, जरा ताईंच्या शेजारी उभ्या राहा.’ आय राहिली. तिला वाटलं, फोटो काढतायत. संध्याकाळी खालच्या गावात कुणीतरी तिला मोबाइलवर ते दाखवलं. पडद्यावर तुम्हा दोघींचे चेहरे शेजारीशेजारी, मधे एक रेघ, आणि खाली मोठ्या अक्षरात प्रश्न : वाटतात का या मायलेकी?

आयनं तुला विचारलं, ‘मी काय केलं गं? मना मधी का घेतला?’

आय म्हणते, तू उठून बाहेर गेलीस आणि अंगणात भांडी घासत बसलीस. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होतीस.

मतदानाच्या आठवडाभर आधी शेवटची मोठी सभा पळसदरीला, धरणाकडच्या मैदानात होती. आपलं बोलणं बंद होतं, तरी मी आले. मागे उभी होते. साहेब व्यासपीठावर होते. तू उठलीस, माइक खाली केलास आणि वाडीच्या बोलीत बोलायला लागलीस.

तुझी ती वाक्यं मला तशीच्या तशी लिहिता येणार नाहीत. सगळी कळलीही नाहीत. इतकी वर्षं आपण मैत्रिणी होतो आणि ती भाषा तू माझ्यापाशी कधी बोलली नव्हतीस. पहिल्या वाक्याला लोक हसले. त्यांना वाटलं, भाऊ करतात तशी तू नक्कल करतेयस. दुसऱ्या वाक्यालाही काही हसले. तू थांबली नाहीस. मग हसू एकेका रांगेत विझत गेलं. मला कळलं ते एवढं : माझा रंग बापाचा आहे, बोलणं शाळेचं आहे, त्यात माझी काही कमाई नाही. माझी आय काळी आहे आणि ती जे बोलते त्याला तुम्ही हसता. मी तिची आहे. मला मत द्यायचं तर तिची म्हणून द्या. नाहीतर देऊ नका.

मला वाटलं, आता मैदान उठेल. निदान वाडीवरची माणसं तरी उठतील. ती डाव्या बाजूला टेंपोतून उतरून एका घोळक्यात बसली होती. त्यांनी माना खाली घातल्या. एका बाईनं तर पदर तोंडावर ओढून घेतला.

आणि साहेब उठले. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, तुझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, ‘पाहिलंत? आमच्या ताईंना दोन-दोन भाषा येतात!’

लोक पुन्हा हसले. मोकळे होऊन हसले.

त्यानंतर प्रचाराला तुझ्याकडे गाडी आली नाही. कार्यकर्ते दुसऱ्या उमेदवारांच्या कामाला लागले. उघडपणे कुणीच काही बोललं नाही. तू पडलीस. साहेबांनी तुला पाडलं असं मी रागानं म्हणत होते. तूच मला सांगितलंस की वाडीनंही तुला मत दिलं नाही.

तेव्हा तू पुन्हा माझ्या घरी यायला लागली होतीस. न बोलता आलीस, मी न बोलता चहा टाकला आणि आपलं सुरू झालं. तू म्हणालीस, ‘वाडीतला एक म्हातारा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, आमाला कचेरीत बोलणारी बाई पायजे होती. आमच्यासारखी बोलणारी आमच्या घरोघरी हाय.’ मग मला विचारलंस, ‘त्याचं चुकलं का, संधे?’

मी विचारलं, ‘तुला पश्चात्ताप होतो?’

‘नाही. पण मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं.’

त्याच महिन्यात तुझी लेक सायली माझ्यासमोर ‘नाय’ म्हणाली आणि तू तिच्यावर केवढी खेकसलीस. ‘नाही म्हण. ना-ही.’ मी तुला म्हटलं, यमे, पळसदरीच्या मैदानात तू काय बोललीस आणि आता काय करतेयस? तू म्हणालीस, ‘ते भाषण होतं. हिला नोकरी लागायचीय.’ आपण त्यावरूनही भांडलो. ते भांडण मिटायचं राहिलं. मला तुला सांगायचं होतं की मी माझ्या वर्गात आता ‘नाय’ म्हणणाऱ्या मुलांना थांबवत नाही, आधी त्यांचं सांगून होऊ देते. आणि तू म्हणाली असतीस की तुझ्या मुलांना परवडतं ते. हेही बहुतेक बरोबर असतं. पण बोलायला तू हवी होतीस.

वसतिगृहात तू खुर्चीवरून खाली पडलीस तेव्हा दुपार होती. तुझा नवरा खोपोलीला कंपनीत होता, त्याच्याआधी मी पोचले. पनवेलला नेताना चौक गावापर्यंत तू डोळे उघडे ठेवून गाडीच्या छताकडे बघत होतीस. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तू जगलीस, पण उजवी बाजू गेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तुला नाव विचारलं, मराठीत, मग हिंदीत. तू नुसती बघत राहिलीस. ते म्हणाले, वाचा गेलीय. 

आय कोपऱ्यात होती. ती म्हणाली, ‘बोलते की. सकाळधरनं बोलते.’

तू बोलत होतीस, यमे. बारीक आवाजात, तोंड वाकडं करत, वाडीच्या भाषेत. वर्गाला हसायला जागा उरू नये म्हणून जी भाषा तू एवढ्या कष्टानं कमावलीस ती सगळी धुऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी आयला खुर्ची दिली आणि रोज तिच्याकरवी तुला विचारलं, दुखतंय का, पाणी हवं का. आय सांगायची, तू उत्तर द्यायचीस, आय ते तिच्या मोडक्या मराठीत डॉक्टरांना सांगायची. जिला कुणी कचेरीच्या दारात उभं केलं नसतं ती तुझी दुभाषी झाली होती. आणि मी, मराठी शिकवणारी, तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

काल त्या हॉलमध्ये यातलं कुणी काही बोललं नाही.

तुला घरी नेलं. वाडीवर, आयच्या घरात, कारण तुझं बोलणं तिलाच कळत होतं. साहेबांनी केलेल्या रस्त्यानं मी रविवारी यायची. तू कधी ओळख दाखवायचीस, कधी नाही. मला तुझी माफी नको होती आणि माझीही मागायची नव्हती. मला फक्त ते भांडण पुरं करायचं होतं. तुला काय वाटलं होतं त्या सभेत, साहेबांनी हात धरून पुढे ओढलं तेव्हा? हे मी तुला कधीच सरळ विचारलं नव्हतं. तू म्हणाली होतीस ना, तू तरी विचार. शेवटच्या रविवारी मी विचारलं. तुझ्या खाटेपाशी बसून, तुझा डावा हात हातात घेऊन, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं. आय चुलीपाशी होती. तिनं ते तुझ्या भाषेत केलं की नाही मला माहीत नाही. ती काहीतरी बोलली एवढं खरं.

तू मान माझ्याकडे वळवलीस. मग बोललीस. बरंच बोललीस. मधे थांबलीस, पुन्हा बोललीस. मला एकही शब्द कळला नाही.

मी आयकडे बघितलं. ‘काय म्हणाली, आय?’

आयनं डोळे पुसले आणि ताट घ्यायला उठली.

‘म्हणते, ही बाई लांबून आली हाय. हिला जेवाया वाढा.’

मी तुझ्यासमोर बसून जेवले, यमे. तू शेवटपर्यंत बघत होतीस.